चक्रधर स्वामी

श्री चक्रधर स्वामी (सर्वज्ञ श्री चक्रधर, तेरावे शतक) हे महानुभाव पंथाचे प्रवर्तक होत. महानुभाव परंपरेत त्यांना पंचकृष्णांपैकी पाचवा अवतार मानले जाते. श्रीकृष्ण, श्रीदत्तात्रेय, श्रीचक्रपाणी, श्रीगोविंदप्रभू आणि श्रीचक्रधर अशी ही अवतारपरंपरा आहे. यांपैकी पहिले दोन पुराणकाळातले आहेत आणि उरलेले तिघे यादवकालीन महाराष्ट्राशी निगडित आहेत. चक्रधरांनी स्वतः कोणताही ग्रंथ लिहिला नाही. त्यांच्या पश्चात म्हाइंभट याने संकलित केलेले लीळाचरित्र हा मराठीतील आद्य चरित्रग्रंथ आणि आद्य गद्यग्रंथ समजला जातो. स्वामींच्या आयुष्याविषयी आज जे काही सांगता येते, त्याचा मुख्य आधार हाच ग्रंथ आहे.

चक्रधरांचे चरित्र सांगताना लेखकापुढे एक अडचण नेहमी उभी राहते. आरंभीचा भाग सर्वस्वी श्रद्धेचा आहे, शेवटचा भाग राजकीय वादाचा आहे, आणि मधला भाग मात्र इतका तपशीलवार आहे की स्वामी कोणत्या गावी कोणत्या देवळाच्या कोणत्या बाजूला बसले हेही नोंदलेले सापडते. मध्ययुगीन भारतातील फार थोड्या धर्मसंस्थापकांविषयी एवढी बारीक माहिती उपलब्ध आहे. प्रस्तुत लेखात पंथाची श्रद्धा आणि इतिहासकारांचे मत जेथे वेगळे पडते, तेथे तसे नमूद केले आहे.

पूर्वपीठिका : चांगदेव राऊळ आणि हरपाळदेव

पंथीय परंपरेनुसार चक्रधरांची कथा गुजरातेत नव्हे, तर फलटणात सुरू होते. चक्रपाणी ऊर्फ चांगदेव राऊळ हे मूळचे फलटणचे. संसार सोडून ते माहूरला गेले. तेथे दत्तात्रेयांनी वाघाच्या रूपात येऊन त्यांच्या मस्तकावर पंजा ठेवला व त्यांना शक्तिदान केले, अशी कथा आहे. पुढे ते द्वारावतीस, म्हणजे द्वारकेस, राहिले. हातात खराटा आणि सूप घेऊन ते तेथील रस्ते झाडीत असत. या साध्या कृतीतूनच ते लोकांना विद्या देत, असे लीळाचरित्र सांगते. कामाख्या नावाची एक योगिनी त्यांच्या प्राप्तीसाठी हट्ट धरून बसली, तेव्हा त्यांनी योगमार्गाने देह ठेवला.

त्याच सुमारास भडोच येथे प्रधान विशाळदेव यांचा तरुण पुत्र हरपाळदेव मरण पावला. त्याच्या आईचे नाव माल्हणदेवी व पत्नीचे नाव कमळाइसा असे सांगितले जाते. हरपाळदेवाचा देह स्मशानात नेला असता चांगदेव राऊळांनी त्या देहात प्रवेश केला आणि मृत तरुण उठून बसला. महानुभावांच्या दृष्टीने हाच चक्रधरांचा अवतारस्वीकार होय. पंथात भाद्रपद शुद्ध द्वितीया हा अवतारदिन मानला जातो. हरपाळदेवाचा जन्म शके १११६ (इ.स. ११९४) मध्ये आणि अवतारस्वीकार शके ११४३ (इ.स. १२२१) मध्ये झाला, असे परंपरेने मानले आहे.

परकायाप्रवेशाची ही कथा इतिहासाच्या कसोटीवर तपासता येत नाही. तरीही तिच्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. पंथाने आपल्या संस्थापकाला एका घराण्यात किंवा एका प्रांतात बांधून ठेवले नाही. फलटणचा आत्मा, गुजरातचा देह, विदर्भाचा गुरू आणि गोदातीरीचे शिष्य असे त्यांचे स्वरूप उभे राहते.

गृहत्याग

अवतारस्वीकारानंतर हरपाळदेव काही काळ संसारात राहिले. त्यांना द्यूताचा नाद होता. एकदा ते मोठी रक्कम हरले. देणे फेडण्यासाठी त्यांनी पत्नीकडे दागिने मागितले आणि तिने ते देण्यास नकार दिला. या प्रसंगाने त्यांचे मन संसारातून उठले. संस्थापकाच्या चरित्रात जुगाराचा प्रसंग लपवून न ठेवता जसाच्या तसा ठेवणे हे लीळाचरित्राच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानावे लागेल. नंतरच्या काळातील अनेक संतचरित्रांत असे प्रसंग गाळलेले दिसतात.

रामयात्रेच्या, म्हणजे रामटेकच्या यात्रेच्या निमित्ताने ते घरातून निघाले. वाटेत त्यांनी बरोबरचा परिवार व सेवक एकेक करून परत पाठविला आणि एकटेच पुढे चालू लागले. आजच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे त्यांची गोविंदप्रभूंशी भेट झाली.

गोविंदप्रभू ऊर्फ गुंडम राऊळ हे रिद्धपूरजवळच्या काटसुरे गावचे. लौकिक दृष्टीने त्यांचे वागणे वेड्यासारखे होते. ते कोणाच्याही घरात शिरत, मिळेल ते खात, मुलांत खेळत आणि अस्पृश्यांच्या वस्तीतही तितक्याच सहजतेने जात. बाजारात खात असलेल्या शेंगुळ्याचा प्रसाद त्यांनी हरपाळदेवांना दिला आणि त्या क्षणी त्यांच्या ठायी ज्ञानशक्ती प्रकट झाली, असे पंथ मानतो. चक्रधर हे नाव येथूनच रूढ झाले. गुरूने दीक्षेचा कोणताही विधी केला नाही, मंत्र दिला नाही, उपदेशही केला नाही. पुढे चक्रधरांनी कर्मकांडाविषयी जी उदासीनता दाखविली, तिचे मूळ कदाचित या भेटीत असावे.

एकाकी भ्रमंती

यानंतरचा काळ पंथात एकांकाचा काळ म्हणून ओळखला जातो. लीळाचरित्राच्या पहिल्या भागाचे नावही एकांक असेच आहे. परंपरेनुसार चक्रधरांनी सातपुड्याच्या कुशीतील साळबर्डीच्या डोंगरात बारा वर्षे घालविली. तेथे तप करणारी मुक्ताबाई नावाची वृद्ध तपस्विनी त्यांना भेटली. ज्ञानेश्वरांची बहीण मुक्ताबाई ही वेगळी व नंतरची. त्यानंतर ते तेलुगू मुलुखात फिरले. ओरंगल, म्हणजे आजचे वरंगळ, येथे त्यांचा एका घोड्यांच्या व्यापाऱ्याच्या कन्येशी, हंसांबेशी, विवाह झाला आणि काही काळाने तोही संसार सोडून ते निघाले.

या काळातील बहुतेक लीळांत स्वामी एकटे आहेत आणि त्यांना भेटणारी माणसे त्यांना ओळखत नाहीत. सर्वांत लोकप्रिय लीळा सशाची आहे. पारधी कुत्री घेऊन सशामागे लागले असता ससा धावत येऊन झाडाखाली बसलेल्या स्वामींच्या मांडीखाली लपला. पारध्यांनी ससा मागितला. शरण आलेल्याला देता येत नाही, असे स्वामींनी त्यांना सांगितले आणि हिंसेविषयी त्यांच्याशी बोलत राहिले. पारधी निघून गेल्यावर त्यांनी ससा मोकळा केला. प्रसंगात चमत्कार कोठेही नाही. बोलण्याने माणूस थांबू शकतो, एवढेच त्यात दाखविले आहे, आणि पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या मराठी मुलांना माहीत झालेले चक्रधर बहुधा हेच आहेत.

भंडारा आणि निळभट्ट भांडारेकार

याच एकाकी भ्रमंतीत चक्रधर भंडाऱ्यास आले. आजचे भंडारा शहर वैनगंगेच्या तीरावर आहे आणि जिल्ह्याचा मोठा भाग झाडीपट्टीत मोडतो. गाव जुने आहे. छत्तीसगडातील रतनपूर येथील बाराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखात भाणारा या नावाने त्याचा उल्लेख येतो, असे जिल्हा गॅझेटिअरमध्ये नोंदविलेले आहे. ज्या रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून हरपाळदेव घरातून निघाले होते, ते रामटेक येथून फार दूर नाही. म्हणजे यात्रेकरू म्हणून निघालेला प्रधानपुत्र ज्या मुलुखाकडे येणार होता, त्याच मुलुखात तो अनेक वर्षांनी भिक्षुक होऊन आला.

भंडाऱ्यात निळभट्ट नावाचा एक ब्राह्मण राहत होता. स्वामींची भेट झाल्यावर तो त्यांच्याकडे इतका ओढला गेला की घरदार सोडून त्यांच्या मागे निघाला. महानुभाव वाङ्मयात तो भांडारेकार या नावाने ओळखला जातो. पंथातील भक्तांची नावे गावावरून पडण्याची जी पद्धत पुढे सर्रास दिसते, तिचे हे एक अगदी आरंभीचे उदाहरण आहे.

निळभट्टाचे महत्त्व दोन कारणांनी आहे. पहिले असे की, त्याच्या काळात पंथ अस्तित्वात नव्हता. नागदेवाचार्य, बाइसा, महदाइसा, म्हाइंभट ही सर्व मंडळी नंतर आली. स्वामींबरोबर घर सोडून चालू लागलेल्या पहिल्या शिष्यांत भंडाऱ्याच्या या गृहस्थाची गणना होते. त्याच्यासमोर मठ नव्हता, आचारसंहिता नव्हती, सांप्रदायिक नाव नव्हते. होता तो केवळ एक अनोळखी भिक्षुक. दुसरे असे की, पंथाचा परिवार जमण्यापूर्वीच निळभट्टाचा अंत झाला. त्यामुळे त्याला कोणतेही आचार्यपद मिळाले नाही, त्याची शिष्यशाखा झाली नाही आणि त्याच्या नावावर ग्रंथही नाही. तरीही एकांकातील लीळांत त्याची आठवण जपली गेली.

त्याच्या जाण्याने मागे राहिलेल्या घराचे काय झाले, हा प्रश्न आजच्या वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. चक्रधरांनी स्वतः दोनदा संसार सोडला होता. त्यांच्या मार्गात नित्य संन्यास हा परमार्थाचा मुख्य मार्ग होता, आणि त्याची किंमत घरी राहिलेल्या माणसांनीही चुकविली. कमळाइसा, हंसांबा आणि निळभट्टाचे कुटुंब यांच्या बाजूने सांगितलेली कथा आपल्यापर्यंत आलेली नाही.

स्वामींच्या वास्तव्याने पवित्र झालेल्या जागांची नोंद करणारा स्थानपोथी हा स्वतंत्र ग्रंथ पंथात आहे. अशा स्थानांना महानुभाव चरणांकित स्थाने म्हणतात आणि तेथे नमस्कार करणे हा आचारधर्माचा भाग मानतात. भंडाऱ्याचे पंथातील महत्त्व या परंपरेतून आलेले आहे.

पैठण आणि शिष्यपरिवार

एकांकाचा शेवट पैठण येथे, शके ११८८ च्या (इ.स. १२६६) सुमारास होतो. येथे बाइसा ही विरक्त स्त्री स्वामींच्या सेवेत आली आणि अखेरपर्यंत त्यांच्याबरोबर राहिली. भिक्षा, मुक्काम, स्वयंपाक, पाहुण्यांची वर्दळ, शिष्यांचे रुसवेफुगवे हे सर्व तिच्या देखरेखीखाली चाले. लीळाचरित्राचा पूर्वार्ध व उत्तरार्ध हे पुढचे दोन भाग साधारण आठ वर्षांच्या काळाचे आहेत. एवढ्या थोड्या काळाविषयी शेकडो लीळा आहेत, याचे कारण आता ऐकणारे आणि लक्षात ठेवणारे लोक आजूबाजूला होते.

या काळात स्वामी गोदावरीच्या परिसरात सतत फिरत राहिले. पैठण, डोमेग्राम (आजचे कमालपूर), बेलापूर, नाशिक, त्र्यंबक, सिन्नर, बीड, मेहकर, लोणार अशा अनेक गावी त्यांचा मुक्काम झाला. मुक्काम बहुधा गावाबाहेरच्या देवळात असे. यादव राजा कान्हरदेव (कृष्ण) याने लोणार येथे त्यांची भेट घेऊन द्रव्य देऊ केले आणि त्यांनी ते स्वीकारले नाही, अशी लीळा आहे.

त्यांच्या भोवती जमलेल्या माणसांत विद्वान पंडित होते तसे निरक्षरही होते. नागदेव, ज्याला पुढे भटोबास म्हणू लागले, हा त्यांचा उत्तराधिकारी ठरला. म्हाइंभट हा सराळे गावचा, शास्त्रे शिकलेला आणि आपल्या विद्येचा अभिमान बाळगणारा पंडित वाद घालण्यासाठी आला आणि शिष्य होऊन राहिला. नागदेवाची नातलग महदाइसा ही प्रश्न विचारणारी शिष्या म्हणून ओळखली जाते. एखादी गोष्ट समजेपर्यंत ती स्वामींना सोडीत नसे. पंथातील तत्त्वचर्चेचा बराच भाग तिच्या प्रश्नांमुळे टिकला आहे. तिचे धवळे हे मराठीतील आद्य स्त्रीकाव्य मानले जाते.

तत्त्वज्ञान व आचार

चक्रधरांनी जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार पदार्थ सांगितले. हे चारही अनादी, नित्य आणि परस्परांपासून वेगळे आहेत. जीव परमेश्वर होत नाही. तो अविद्येने बांधलेला आहे आणि परमेश्वराच्या कृपेनेच मुक्त होतो. देवता कितीही सामर्थ्यवान असल्या तरी त्या मोक्ष देऊ शकत नाहीत, त्यांची फळे अनित्य आहेत. शांकर अद्वैताहून हा विचार उघडपणे भिन्न आहे. त्याचा सामाजिक परिणाम त्याहून मोठा होता. देवतांची उपासना मोक्षासाठी निरुपयोगी ठरविली की व्रते, तीर्थे, नैवेद्य, दक्षिणा आणि त्यांवर चालणारी पुरोहितांची व्यवस्था यांचाही आधार डळमळतो.

आचारात अहिंसा, निःसंगता, निवृत्ती व भक्ती यांवर भर होता. भिक्षुकाने देशाच्या कडेला, अनोळखी गावी, झाडाच्या तळाशी राहावे, भिक्षा मागताना घर निवडू नये, एका ठिकाणी गुंतून पडू नये, असा उपदेश होता. परमेश्वर जवळ नसताना त्याचे स्मरण राहावे म्हणून स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक ही चार साधने पंथाने मानली.

स्त्रियांना व शूद्रांना संन्यासाचा अधिकार देणे ही त्या काळात असामान्य गोष्ट होती. चक्रधरांच्या परिवारात स्त्रिया केवळ सेविका नव्हत्या. त्या दीक्षित होत्या, चर्चेत भाग घेत होत्या. मासिक पाळीच्या विटाळाविषयी त्यांनी शिष्यांना दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. शरीराच्या इतर द्वारांतून जसे मळ बाहेर पडतात तसाच हाही एक धर्म आहे, त्याने कोणी अपवित्र होत नाही, असा त्याचा आशय आहे. सात शतकांनंतरही या प्रश्नावर घराघरांत वाद चालतात, हे लक्षात घेता त्या उत्तराचे वजन कळते.

त्यांची शिकविण्याची पद्धत दृष्टान्तांची होती. शेती, बाजार, स्वयंपाकघर, पशुपक्षी यांतले रोजचे उदाहरण घेऊन ते सिद्धान्त समजावीत. जन्मांधांनी हत्ती चाचपडून आपापल्या परीने त्याचे वर्णन केले, ही भारतभर आढळणारी कथा त्यांच्याही दृष्टान्तांत आहे. केसोबास (केशिराज) याने पुढे त्यांचे ११४ दृष्टान्त एकत्र केले. तो ग्रंथ दृष्टान्तपाठ या नावाने प्रसिद्ध आहे. त्यांची सिद्धान्तवचने सूत्रपाठात संकलित झाली.

मराठीचा स्वीकार

गुजरातेतून आलेल्या या पुरुषाने उपदेश मराठीत केला. ज्ञानेश्वरी इ.स. १२९० मध्ये रचली गेली. चक्रधरांचे निरूपण त्याच्या किमान दीड दशक आधीचे आहे. आपल्या पश्चात अनुयायांनी कानडी व तेलंगी मुलुखात न जाता महाराष्ट्रात राहावे, असा त्यांचा आदेश होता. नागदेवाचार्यांनी हे धोरण पुढे कसोशीने पाळले. केसोबासासारख्या पंडिताला संस्कृतात लिहावेसे वाटले, तेव्हा संस्कृत न कळणाऱ्या सामान्य स्त्रिया ज्ञानाला मुकतील, अशा कारणाने त्यांनी त्याला मराठीकडे वळविले. धर्मभाषेचा प्रश्न वृद्ध, निरक्षर बायकांच्या बाजूने सोडविला जाणे ही घटना मराठीच्या इतिहासात आजही ठळकपणे सांगितली जाते.

विरोध आणि अखेर

स्वामींच्या वाढत्या प्रभावामुळे पैठणच्या धर्मपंडितांत आणि देवगिरीच्या दरबारात अस्वस्थता निर्माण झाली. यादव राजे महादेव व रामचंद्र यांचा मंत्री हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा चतुर्वर्गचिंतामणी या संस्कृत ग्रंथाचा कर्ता होता. व्रत, दान, तीर्थ, श्राद्ध यांचा प्रचंड विस्तार असलेला तो ग्रंथ आणि व्रतांना मोक्षमार्गात स्थान नाकारणारे चक्रधर हे एकाच राज्यात, एकाच काळात होते. संघर्षाचे कारण शोधण्यासाठी याहून दूर जाण्याची फारशी गरज नाही. त्यातच स्त्रियांचा मोठा परिवार भोवती असल्यामुळे स्वामींच्या शीलाविषयी कुजबूज उठविणे विरोधकांना सोपे गेले.

लीळाचरित्रानुसार पैठण येथे पंडितांची सभा भरली, महदाश्रम नावाच्या संन्याशाचा तीत पुढाकार होता, आणि स्वामींचे नाक कापण्याची शिक्षा देण्यात आली. त्यानंतरच्या घटनेबाबत पोथ्यांत एकवाक्यता नाही. काही पोथ्यांत बेलापूर येथे त्यांचा शिरच्छेद झाला असे वर्णन येते. मात्र त्यानंतरही ते उठून उत्तरेकडे निघून गेले, असे पंथ मानतो. याला उत्तरापंथे गमन म्हणतात. महानुभावांच्या श्रद्धेनुसार चक्रधरांना मृत्यू नाही. ते उत्तरेत विद्यमान आहेत. या घटनेचा काळ शके ११९४ (इ.स. १२७२) किंवा शके ११९६ (इ.स. १२७४) असा दिला जातो. शिरच्छेदाचा भाग खरा मानावा की नंतरचा प्रक्षेप समजावा, यावर अभ्यासकांत व पंथीयांत मतभेद आहेत. ज्या पुरुषाचा आरंभ एका मृत देहाच्या उठण्याने होतो, त्याची अखेरही तशाच घटनेने सांगितली जावी, हे कथेच्या दृष्टीने सुसंगत आहे. परंतु शिक्षेची हकीकत पंथाला गौरवास्पद नसतानाही त्याच्याच ग्रंथांत टिकून राहिली, म्हणून तिच्यामागे काही प्रत्यक्ष घडलेले असावे, हा तर्क सहज बाजूला सारता येत नाही.

लीळाचरित्राची निर्मिती

स्वामी गेल्यावर पोरका झालेला परिवार त्यांच्या आदेशानुसार रिद्धपूरला गोविंदप्रभूंजवळ गेला. गोविंदप्रभूंचे निधन इ.स. १२८७ च्या सुमारास झाले आणि पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली. रिद्धपूरच्या वाजेश्वरीच्या देवळात नागदेव स्वामींच्या आठवणी सांगत आणि म्हाइंभट त्या लिहून घेई. एवढ्यावर तो थांबला नाही. ज्या ज्या माणसाच्या संदर्भात लीळा घडली, त्याला शोधून तो ती पडताळून पाही. दोन साक्षीदारांनी प्रसंग वेगळा सांगितला, तर दोन्ही रूपे नोंदवी. सांगणाऱ्याचे नाव देण्याची आणि पाठभेद राखण्याची ही पद्धत पंथाच्या पोथ्यांत पुढेही चालू राहिली. देवाचे चरित्र लिहिणारा हा लेखक पुराव्याच्या बाबतीत भाविकांहून अधिक काटेकोर होता, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

चौदाव्या शतकाच्या आरंभी खिलजीच्या फौजांच्या धाडीत मूळ प्रत नष्ट झाली, असे परंपरा सांगते. ज्यांना ग्रंथ पाठ होता त्यांनी तो पुन्हा सिद्ध केला. त्यांत हिराइसा या स्त्रीचा पाठ प्रसिद्ध आहे. आज उपलब्ध असलेल्या पोथ्यांतील फरकांचे एक कारण हे पुनर्लेखन आहे. म्हणून लीळाचरित्रातील एखादा शब्द थेट तेराव्या शतकातील समजताना अभ्यासक सावध राहतात.

पंथाची पुढील वाटचाल

नागदेवानंतर पंथात आम्नाय, म्हणजे शाखा, निर्माण झाल्या. त्यांत उपाध्ये व कवीश्वर या प्रमुख ठरल्या. नरेंद्राचे रुक्मिणीस्वयंवर, भास्करभट्ट बोरीकराचे शिशुपाळवध व उद्धवगीता, दामोदर पंडिताचे वत्सहरण, रवळोबासाचे सह्याद्रिवर्णन, विश्वनाथ बाळापूरकराचा ज्ञानप्रबोध आणि नारायण व्यास बहाळिये यांचे ऋद्धिपूरवर्णन हे सात काव्यग्रंथ साती ग्रंथ म्हणून पंथात पूज्य मानले जातात. पोथ्यांचे पावित्र्य राखण्यासाठी त्या सकळ, सुंदरी आदी सांकेतिक लिप्यांत लिहिण्याचा प्रघात पडला. त्यामुळे ग्रंथ सुरक्षित राहिले, पण बाहेरच्या मराठी समाजाला ते सहा शतके वाचताच आले नाहीत.

या गुप्ततेची किंमत मोठी होती. बाहेरच्यांना पंथाविषयी जे ठाऊक होते ते ऐकीव आणि बहुधा द्वेषमूलक होते. महानुभाव या नावाचा अपभ्रंश मानभाव, आणि त्यावरून वरवर गोड पण आतून कपटी अशा अर्थाचा मानभावी हा शब्द मराठीत रूढ झाला. तो आजही सर्रास वापरला जातो आणि वापरणाऱ्याला त्यामागचा इतिहास क्वचितच माहीत असतो. दुसरीकडे, महाराष्ट्राबाहेर पंथाचा प्रसार झाला. पंजाबात तो जयकृष्णी पंथ म्हणून ओळखला गेला आणि काबूलपर्यंत त्याचे मठ होते. महाराष्ट्राबाहेर न जाण्याचा आदेश असलेल्या पंथाचे मराठी ग्रंथ अफगाणिस्तानात वाचले जात होते.

आधुनिक अभ्यास

विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला आणि काही महंतांनीही पोथ्या अभ्यासकांना खुल्या केल्या. यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे आणि वि. भि. कोलते यांनी महानुभाव वाङ्मयाचे संशोधन व संपादन केले. कोलते यांनी अनेक पोथ्यांच्या आधारे सिद्ध केलेली लीळाचरित्राची आवृत्ती महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ मध्ये प्रसिद्ध केली. तीतील काही लीळांना पंथीयांनी तीव्र आक्षेप घेतला. संशोधकाच्या दृष्टीने पाठभेद असलेली गोष्ट भाविकाच्या दृष्टीने आराध्याची विटंबना ठरू शकते, याचा प्रत्यय त्या वेळी दोन्ही बाजूंना आला. अमेरिकन विदुषी ॲन फेल्डहाउस यांनी सूत्रपाठाचा व गोविंदप्रभूंच्या चरित्राचा इंग्रजी अनुवाद करून हे वाङ्मय जगापुढे नेले.

यादवकाळाच्या इतिहासकारांना लीळाचरित्र हा मोलाचा स्रोत आहे. राजघराण्यातील घडामोडींबरोबरच त्या काळातील खाद्यपदार्थ, वस्त्रे, नाणी, बाजार, देवळांची रचना, प्रवासाच्या वाटा आणि बोलीतले शब्द त्यात विखुरलेले आहेत. २०२३ च्या राज्य अर्थसंकल्पात रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ स्थापण्याची घोषणा झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला.

रिद्धपूर, पैठण, डोमेग्राम, फलटण व माहूर ही पंथाची मोठी तीर्थस्थाने आहेत आणि तेथे वर्षभर यात्रेकरूंची ये-जा असते. भंडाऱ्याचे नाव या यादीत सहसा येत नाही. ते पोथीत आहे, एकांकाच्या पानांत, निळभट्टाच्या नावाला जोडलेले.